वेबपानांवरील लघुरूपे

दीर्घ शब्दांऐवजी त्यांची लघुरूपे योजण्याची प्रथा जुनी आहे. मराठीत ‘मुक्काम पोस्ट’ याऐवजी ‘मु. पो.’, ‘ताजा कलम’ याऐवजी ‘ता. क.’ आणि ‘इसवी सन’ याऐवजी ‘इ. स.’ असे लिहितात. यात जागा वाचते व श्रमही वाचतात. मात्र पूर्ण रूप वाचकास ठाऊक आहे असे लेखकाने गृहीत धरलेले असते. हे गृहीत चुकीचे ठरले, तर लघुरूप वाचकाच्या वाटेतील अडसर होते.

एक साधे उदाहरण घेऊ. शिष्यवृत्तीच्या एखाद्या सूचनेत असे छापलेले असते : ‘अर्जाची अंतिम ता. १५ जून. अर्जात गाव, ता. व जि. लिहावे.’ येथे पहिला ‘ता.’ म्हणजे तारीख आणि दुसरा म्हणजे तालुका. डोळस व सरावलेला वाचक हा भेद संदर्भावरून क्षणात ओळखतो. परंतु अंध विद्यार्थी हीच सूचना संगणकाच्या तोंडून ऐकतो. पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखविणाऱ्या आज्ञावलीस ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. तिच्यापुढे दोन्ही ठिकाणी ‘ता’ हे एकच अक्षर व एक टिंब एवढेच असते. शिवाय मराठीत टिंब हेच पूर्णविरामाचेही चिन्ह आहे. हिंदीत वाक्याच्या शेवटी दंड देतात. त्यामुळे तेथे हा घोटाळा कमी संभवतो. मराठीत मात्र वाक्य संपले असे समजून यंत्राचा आवाज मध्येच थांबण्याचा संभव असतो, आणि ऐकणाऱ्याच्या हाती अर्धवट वाक्य पडते.

लघुरूपांचे प्रकार

लघुरूपे सामान्यतः तीन प्रकारची आढळतात. पहिल्या प्रकारात शब्दाचा काही भाग तेवढा लिहितात, पण उच्चार पूर्ण शब्दाचा करतात, ‘डॉ.’ व ‘रु.’ ही त्याची उदाहरणे होत. दुसऱ्या प्रकारात आद्याक्षरे एकेक करून उच्चारली जातात, जसे ‘एस. टी.’. तिसऱ्या प्रकारात आद्याक्षरांचा मिळून एक शब्दच बनतो. ‘युनेस्को’ व ‘इस्रो’ हे असे शब्द होत. ‘रडार’ हाही मुळात आद्याक्षरांपासूनच बनला. पण तो आता इतका रुळला आहे की त्याचा उलगडा कोणी विचारीत नाही.

एकाच लघुरूपाचे अर्थ अनेक असू शकतात. महाराष्ट्रात ‘एस. टी.’ म्हटले की राज्य परिवहनाची मोटारगाडी डोळ्यांपुढे येते. आरक्षणाच्या तक्त्यात तीच अक्षरे अनुसूचित जमाती दर्शवितात. अन्य राज्यांत वाढलेल्या मराठी वाचकास यांपैकी पहिला अर्थ सुचेलच असे नाही.

लघुरूपाची खूण

वेबपाने ‘एचटीएमएल’ म्हणजे ‘हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज’ या भाषेत रचली जातात. या भाषेत मजकुराच्या निरनिराळ्या भागांभोवती खुणा घालतात. हा मथळा आहे, हा परिच्छेद आहे, असे त्या खुणा संगणकास सांगतात. लघुरूपासाठी ‘ए-बी-बी-आर’ या चार रोमन अक्षरांची खूण आहे. ती खुद्द ‘अ‍ॅब्रिव्हिएशन’ या इंग्रजी शब्दाचेच लघुरूप होय. लघुरूपापूर्वी आरंभाची व नंतर समाप्तीची खूण करतात, आणि आरंभाच्या खुणेतच ‘टायटल’ या नावाखाली पूर्ण रूप नोंदवितात. अशा रीतीने वरील सूचनेतील पहिल्या ‘ता.’पाशी ‘तारीख’ व दुसऱ्यापाशी ‘तालुका’ असे लिहिता येते.

१९९७ साली प्रसृत झालेल्या एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत अशा दोन खुणा होत्या : एक सर्वसाधारण लघुरूपासाठी आणि दुसरी, ‘अ‍ॅक्रोनिम’ नावाची, आद्याक्षरांपासून बनलेल्या शब्दासाठी. कोणती कोठे वापरावी याविषयी लेखकांत गोंधळ होई. त्यातच ‘इंटरनेट एक्स्प्लोअरर’ हा तेव्हाचा बहुप्रचलित ब्राउझर २००६ मधील सातव्या आवृत्तीपर्यंत पहिली खूण ओळखीत नसे. पुढे २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती प्रमाण ठरली, तेव्हा ‘अ‍ॅक्रोनिम’ ही खूण कालबाह्य ठरविण्यात आली. आता दोन्ही कामांसाठी एकच खूण आहे.

खुणेची मर्यादा

खूण केली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. ‘टायटल’मध्ये नोंदविलेले पूर्ण रूप सामान्यतः माउसचा बाण त्या शब्दावर नेल्यावरच दिसते. स्पर्शपटल असलेल्या मोबाईलवर असा बाण नसतो. हातांच्या व्यंगामुळे जो केवळ कळफलक वापरतो, त्यासही ते सहसा दिसत नाही. अनेक स्क्रीन रीडर ते आपण होऊन वाचीत नाहीत. तशी योजना वापरणाऱ्याने मुद्दाम करावी लागते. अक्षरे एकेक करून उच्चारावी की शब्द म्हणून, हेही ही खूण सांगत नाही. यास्तव केवळ ‘टायटल’वर विसंबू नये, असा इशारा एचटीएमएलच्या प्रमाणग्रंथातच दिलेला आहे.

योग्य रीत

सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे. लघुरूप पानावर प्रथम येईल तेथे पूर्ण रूप उघडपणे लिहावे व त्यालगत लघुरूप द्यावे. पुढे लघुरूप एकटे वापरले तरी चालते. लघुरूपे पुष्कळ असल्यास त्यांची सूची द्यावी व प्रत्येक लघुरूपापासून तेथे जाण्याचा दुवा ठेवावा. एकाच लघुरूपाचे दोन अर्थ एका पानावर येत असतील, तर दर वेळी उलगडा करावा. जागेची अडचण नसेल तेथे लघुरूप टाळणेच इष्ट. ‘तालुका’ लिहिण्यास दोन अक्षरे अधिक लागतात, एवढेच.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही १९९४ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी स्थापिलेली संस्था वेबची प्रमाणे ठरविते. तिने २००८ साली प्रसृत केलेल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत लघुरूपाचे पूर्ण रूप वा अर्थ कळण्याची सोय असावी, असा निकष आहे. तो तीन श्रेणींपैकी सर्वोच्च श्रेणीत मोडतो. म्हणून पुष्कळ जण त्यास ऐच्छिक समजून वगळतात. भारतात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात मिळावा हे पाहण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

याचा लाभ केवळ अंधांनाच होतो असे नाही. मोठे करून वाचावे लागत असल्याने पडद्याचा अल्प भागच ज्यास एका वेळी दिसतो, ज्याची स्मरणशक्ती क्षीण झाली आहे, किंवा जो ती भाषा नव्याने शिकत आहे, अशा प्रत्येक वाचकास पूर्ण रूप आधार देते. ते एकदा लिहिण्यास लेखकास काही क्षण पुरतात. पण त्यावाचून अंतिम तारखेचे वाक्य अर्धवट ऐकू आले, तर एखाद्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती हुकू शकते.