वाचायला शिकवणाऱ्यांचे शिक्षण

मीरा-भाईंदरमधल्या मराठी माध्यमाच्या वर्गात डोकावले, तर एकाच बाकावर उत्तनच्या कोळ्याघरचे मूल, मिठागरांच्या कडेच्या आगरी घरातले मूल, मराठवाड्यातून बांधकामाच्या कामावर आलेल्या कुटुंबातले मूल आणि घरी भोजपुरी बोलणारे मूल शेजारी शेजारी बसलेले दिसते. ‘असर’च्या अहवालांत हा वर्ग कधी येत नाही, कारण ते सर्वेक्षण फक्त ग्रामीण भागाचे. २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. शहरालगतच्या आमच्या शाळांचे चित्र शिक्षकांच्या बोलण्यातूनच कळते.

अशाच एका शिक्षिकेने मला विचारले, “ताई, चौथीतल्या मुलाला अक्षरं येतात, बाराखडी घडाघडा म्हणतो, फळ्यावरचं वाक्य सुबक उतरवून घेतो. मग शब्द का वाचता येत नाही?” बाईंनी अध्यापनाची पदविका घेतलेली, पंधरा वर्षे वर्ग सांभाळलेला. तरी या प्रश्नाचे उत्तर त्यांना त्यांच्या शिक्षणात कुठे मिळाले नव्हते.

अमेरिकेत या प्रश्नासाठी स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. वर्गावर काही वर्षे शिकवलेला शिक्षक त्यात वाचनाचे मानसशास्त्र, भाषाविज्ञान आणि चाचण्या शिकतो. अनुभवी मार्गदर्शकाच्या नजरेखाली अडलेल्या मुलांना शिकवतो आणि ‘वाचनतज्ज्ञ’ म्हणून शाळेत परततो. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९७० च्या दशकात उभारलेल्या ‘रीडिंग रिकव्हरी’ पद्धतीच्या प्रशिक्षणात शिक्षक काचेच्या एका बाजूला मुलाला शिकवतो आणि दुसऱ्या बाजूला बसलेले सहकारी ते पाहत चर्चा करतात. या पद्धतीवर पुढे कडक टीका झाली. चित्रावरून, संदर्भावरून शब्द ओळखायची सवय लावली तर मूल अंदाजपंचे वाचू लागते, हा आक्षेप मला रास्त वाटतो. काचेमागून पाहण्याची कल्पना मात्र उचलण्याजोगी आहे. आपल्याकडे शिक्षकाचा वर्ग पाहायला येतो तो तपासणीलाच.

आपल्याकडे शाळांच्या मंजूर पदांत ‘वाचनतज्ज्ञ’ नाही. विशेष शिक्षक आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली, आणि मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून काम करते आहे. पण ज्या मुलात कसलीही अक्षमता नाही, फक्त त्याला नीट शिकवले गेलेले नाही, त्याचे काय? त्याला आपण ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. (ब्राह्मीपासून या अक्षराचे वळण फारसे बदलले नाही, म्हणून न सुधारणाऱ्याला ‘ढ’ म्हणू लागले असे सांगतात. खरे असो-नसो, मूल अडले की आपल्याला आधी अक्षरच आठवते.)

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मराठी लिपीत आहे, आणि ते अमेरिकेतून आयात करता येणार नाही. ‘करवत’ हा शब्द घ्या. मूल क-र-व-त असे चार पूर्ण उच्चार सुटे सुटे करते. बोलताना आपण म्हणतो ‘कर्वत्’. मधला आणि शेवटचा ‘अ’ गळतो, हे पाटीवर कुठे लिहिलेले नसते. सुटी अक्षरे जोडून तयार झालेला आवाज मुलाने आयुष्यात कधी ऐकलेला नसतो, म्हणून त्याला शब्द ‘येत’ नाही. ‘पिशवी’तली ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘प’च्या आधी दिसते, कानांना नंतर ऐकू येते. ‘सूर्य’मधला र उच्चारात य-च्या आधी, लिहिताना त्याच्या डोक्यावर, ‘चंद्र’मध्ये पायाशी, ‘दऱ्या’मध्ये तिसरेच रूप. अनुस्वार एकच, पण ‘आंबा’त म, ‘अंडे’त ण, ‘संत’मध्ये न. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा. बाराखडी तालात पाठ असलेल्या मुलाला सुटे ‘कू’ दाखवले, तर ते क, का, कि, की असे चढत तिथवर पोहोचते. घडाघडा म्हणणे आणि वाचणे यांत इतके अंतर आहे. कन्नडवरचे सोनाली नाग यांचे २००७ मधले संशोधन सांगते की अशा अक्षरलिपींवर पकड यायला मुलांना इंग्रजी वर्णमालेपेक्षा कितीतरी जास्त काळ, प्राथमिकची बरीच वर्षे लागतात.

आता उत्तनचे मूल ‘डोळा’ला ‘डोला’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ वाचते. ही वाचनातली चूक धरायची का? अजिबात नाही. त्याने शब्द बरोबर वाचला आणि आपल्या घरच्या भाषेत उच्चारला. पण तेच मूल ‘माळ’ला ‘माठ’ वाचत असेल, तर गोष्ट वेगळी. पहिल्याला टोकले तर ते गप्प होते, दुसऱ्याला न टोकले तर ते तसेच पुढे जाते. हा फरक जागच्या जागी ओळखता येणे म्हणजे तज्ज्ञता.

हे ज्ञान मराठीत नाही असेही नाही. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतल्या भेदांवर पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध लिहिला, आणि पुढे त्याच गावात मुलांना वाचायला शिकवू लागल्या. १९८४ मध्ये त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली. भाषावैज्ञानिक स्वतः पहिलीच्या वर्गात उतरल्याची अशी उदाहरणे विरळा. त्याहून जवळचे म्हणजे वाडा तालुका, जो १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. तिथे सोनाळे येथे नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ शिक्षकांना घडवते आहे. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी वाड्यातल्या मराठी आणि यादगीरमधल्या कन्नड मुलांचा तीन वर्षे माग काढून २०१७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. वर्गातला वेळ अक्षरे गिरवण्यात आणि उतरवण्यात जातो, अर्थाबद्दल बोलण्यात फार कमी, हे त्यात दिसते. बाईंचा चौथीतला विद्यार्थी ‘सुबक उतरवतो’, त्याचे मूळ इथे आहे.

पदव्युत्तर दार म्हणाल तर देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने २००६ मध्ये, नोकरी सांभाळून करता येईल असा, प्राथमिक शिक्षणाचा एमए सुरू केला. भाईंदरहून देवनार म्हणजे दादरला गाडी बदलून कुर्ला, तिथून गोवंडी. पण अडचण प्रवासाची कमी आणि परतल्यानंतरची जास्त. एवढे शिकून आलेल्या शिक्षिकेला शाळेत त्यासाठीचे पद नाही, वेगळा तास नाही. तिच्या वाट्याला तोच पूर्ण वर्ग, वर मतदार याद्या आणि ऑनलाइन माहिती भरणे. निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचता यावे असे ठरवले आहे. वाचायला शिकवणाऱ्यांसाठी पद निर्माण करण्याची मुदत कुठल्याच कागदावर नाही.

महानगरपालिकेला तरी प्रत्येक चार-पाच शाळांमागे अशी एक शिक्षिका नेमून सुरुवात करता येईल. तिला रोज दोन तास मोकळे हवेत, समोर एका वेळी दोन-तीन मुले, आणि प्रत्येक मुलाची एक वही, जिच्यात ‘डोला’ आणि ‘माठ’ वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेले असतील.