चिनी सुई आणि डॉक्टर बसू

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा जखमी चिनी सैनिकांच्या सेवेसाठी भारताने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. त्या पाच जणांत आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकर होते हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते, आणि कलकत्त्याचे दोघे होते : डॉ. मुखर्जी व डॉ. बिजॉयकुमार बसू. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच वारले. बसू १९४३ मध्ये परत आले.

या लेखात आपल्याला काम आहे ते बसूंशी. ते पाश्चात्त्य वैद्यकाचे पदवीधर. असा मनुष्य १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जातो, तेथे अंगात सुया टोचून उपचार करण्याची विद्या शिकतो आणि १९५९ मध्ये कलकत्त्यात येऊन ती सुरू करतो. भारतात ॲक्युपंक्चर आले ते असे. (पुढे लुधियानाला ॲक्युपंक्चरचे एक रुग्णालय निघाले, त्याला नाव मात्र कोटणिसांचे दिले गेले. कोटणीस स्वतः शस्त्रक्रिया करणारे सर्जन होते!) शरीरशास्त्र शिकलेल्या डॉक्टराला सुईकडे वळावेसे का वाटावे?

याचे एक कारण त्या काळच्या चीनमध्ये आहे. प्रचंड लोकसंख्या, डॉक्टर थोडे आणि औषधे महाग. सुई स्वस्त, आणि ती वापरणारे वैद्य गावोगाव होतेच. म्हणून सरकारने जुन्या वैद्यकाला हाताशी धरले. १९५५ मध्ये पेकिंगला चिनी वैद्यकाची संशोधन संस्था निघाली आणि पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या डॉक्टरांना जुने वैद्यक शिकविण्याचे वर्ग सुरू झाले. बसू गेले ते याच वातावरणात. त्याआधी ही विद्या चीनमध्ये नेहमीच मानाची होती असे मात्र समजू नका. १८२२ मध्ये खुद्द चिनी बादशहाने राजवैद्यांच्या संस्थेतून ती काढून टाकली होती.

तिला आजचे रूप देणारा मनुष्य म्हणजे चेंग दानआन. त्याचे वडील जुन्या पद्धतीचे वैद्य. मुलगा पाश्चात्त्य वैद्यकाकडे वळलेला. पण त्याची कंबर धरली आणि ती वडिलांच्या सुयांनी सुटली, तेव्हापासून तो सुईचा झाला. १९३१ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिले. शरीररचनाशास्त्र त्याला ठाऊक असल्यामुळे सुई टोचण्याची ठिकाणे रक्तवाहिन्यांपासून दूर, मज्जातंतूंच्या जवळ अशी त्याने नव्याने बसविली, आणि जुन्या जाड सुयांऐवजी बारीक सुया रूढ केल्या. आजची सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, भरीव असते. इंजेक्शनची सुई याहून अडीचपट जाड आणि पोकळ असते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून चिनी सुईचा छेद तिच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढा भरतो. फारसे दुखत नाही याचे रहस्य एवढेच.

जुने शास्त्र सांगते की शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते. मार्ग तुंबला की रोग होतो आणि सुईने तो मोकळा होतो. या मार्गांवर ३६१ बिंदू मानले आहेत. आता मी भौतिकीचा प्राध्यापक. 'शक्ती' शब्द आला की ती कोणत्या एककात मोजायची, असे विचारणे हा आमचा धर्म. विच्छेदनात हे मार्ग दिसत नाहीत आणि 'ची' मोजणारे उपकरण कोणी बनविलेले नाही. पण एवढ्यावरून सुईने दुखणे थांबत नाही असा निष्कर्ष काढता येईल का? येणार नाही. स्पष्टीकरण चुकीचे असूनही परिणाम खरा असू शकतो. मग चेंगला जो अनुभव आला, तो पुरावा का मानू नये?

ओलिताच्या दिवसांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात व्होल्टेज कसे खाली-वर होते, हे शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको. पंप बंद पडला की आपण वायरमनला बोलावतो. म्हणजे व्होल्टेज सर्वांत खाली असते तेव्हाच. तो येईपर्यंत तास-दोन तास जातात आणि व्होल्टेज आपोआप चढलेले असते. त्याने डीपीकडे नुसते पाहिले तरी पंप सुरू होणार आणि यश त्याच्या नावावर जमा होणार! कंबरदुखीचे असेच आहे. कापूस वेचून कंबर धरते, ती कधी कमी दुखते, कधी जास्त. वैद्याकडे आपण जातो ते ती असह्य झाल्यावर. त्यानंतर बहुधा ती उतरणारच असते. सुई टोचा, लेप लावा किंवा नुसते पडून राहा. एकट्याच्या अनुभवावरून यातले कोणते कारण खरे ते कळत नाही, मग तो अनुभव मोठ्या डॉक्टराचा असला तरी.

म्हणून प्रयोग हवेत, आणि ते झाले. पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात हान जीशेंग यांच्या गटाने एका सशाला सुया टोचून त्याच्या मेंदूभोवतालचा द्रव काढला आणि दुसऱ्या, सुई न टोचलेल्या सशाच्या मेंदूत सोडला. दुसऱ्या सशाचीही वेदना सोसण्याची मर्यादा वाढली. १९७४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. द्रवातून काहीतरी पदार्थ गेला असला पाहिजे. पण कोणता? पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना मेंदूत अफूसारखे काम करणारे रेणू सापडले. शरीर स्वतःच आपली वेदनाशामके तयार करते! अफूचा परिणाम मारणारे नॅलॉक्झोन नावाचे औषध आधीच उपलब्ध होते. टोरांटोच्या पॉमेरान्झ यांनी १९७६ मध्ये उंदरांना सुया टोचल्या आणि नॅलॉक्झोन दिले. सुईचा परिणाम नाहीसा झाला. १९७७ मध्ये माणसांच्या दातांवर तसाच प्रयोग झाला आणि निष्कर्षही तसाच निघाला.

कोडे सुटले असे वाटले ना? थोडे थांबा. १९७८ मध्ये अमेरिकेत दात काढलेल्या रुग्णांना वेदनाशामक म्हणून ज्यात औषधच नाही असा द्रव दिला. कित्येकांचे दुखणे कमी झाले. त्यांना नॅलॉक्झोन देताच ते परत वाढले. म्हणजे 'आता बरे वाटणार' या अपेक्षेनेसुद्धा तेच रेणू स्रवतात. मग सुईने जो आराम पडतो, त्यात सुईचा वाटा किती आणि अपेक्षेचा किती?

हा वाटा वेगळा काढायचा तर खोटी सुई हवी. औषधाऐवजी साखरेची गोळी देता येते, पण सुई टोचली की नाही हे रुग्णाला कळल्यावाचून कसे राहील? याला १९९८ मध्ये एका जर्मन डॉक्टराने नामी युक्ती काढली. नाटकातला खंजीर आठवा. त्याचे पाते मुठीत शिरते आणि प्रेक्षकांना वाटते, छातीत घुसले. तशीच बोथट टोकाची, मुठीत सरकणारी सुई त्याने केली. कातडीला टोचल्यासारखे वाटते, आत मात्र काही जात नाही. दुसरी एक रीत म्हणजे ३६१ बिंदू सोडून भलत्याच ठिकाणी, वरवर सुई टोचणे.

या दुसऱ्या रीतीने जर्मनीत पाठ व कंबर दुखणाऱ्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी पुरेसा आराम पडलेल्यांचे प्रमाण असे : खऱ्या बिंदूंवर सुया, ४७.६ टक्के, भलत्या ठिकाणी वरवर सुया, ४४.२ टक्के, नेहमीची औषधे, व्यायाम इत्यादी, २७.४ टक्के. हे आकडे वर्गात फळ्यावर लिहून चर्चा करावी, अशी शिक्षकांना माझी विनंती आहे. सुई घेणाऱ्या दोन्ही गटांना नेहमीच्या उपचारांपेक्षा बराच जास्त आराम पडला, पण त्या दोन गटांत फरक फारच थोडा. म्हणजे सुई 'कोठे' टोचली याला फारसे महत्त्व उरले नाही, आणि बिंदूंचा नकाशा लटका पडला. ॲक्युपंक्चरचे पुरस्कर्ते म्हणतात की वरवर टोचलेली सुई हीसुद्धा सुईच. या म्हणण्यात तथ्य आहे. कोपर आपटले की आपण ते चोळतो आणि बरे वाटते. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूपाशी वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. बारीक टोचणीही थोडेफार तेच करीत असेल. पण मग त्याला 'ची' लागत नाही.

याच चिनी वैद्यकातून दुसरे एक नाव निघाले. तू यूयू या औषधशास्त्रज्ञ बाईंनाही डॉक्टरांसाठीच्या त्याच वर्गांत जुने वैद्यक शिकावे लागले होते. जुन्या ग्रंथातली तापाची वनस्पती त्यांनी तपासली. उकळल्याने तिचा गुण जातो अशी शंका येऊन त्यांनी ईथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला, आणि १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन हाती लागले. आज मलेरियावर ते मुख्य औषधांपैकी आहे. त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पतीतला रेणू वेगळा करून मोजता आला. 'ची'चे तसे झाले नाही.

त्याच २०१५ साली महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला. कायद्याने कोणी शिकावे, कोणी टोचावे हे ठरते. टोचल्याने काय बरे होते ते प्रयोगानेच ठरवावे लागते. तुमच्या घरी कोणी जुनाट कंबरदुखीसाठी सुया घ्यायला निघाले तर हटकण्याचे कारण नाही. मात्र सुई नव्या पाकिटातली, एकदाच वापरायची असावी. जुन्या सुईने कावीळ पसरू शकते. छातीवर खोल टोचलेली सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते, म्हणून टोचणारा शिकलेला असावा. आणि ताप, झटके, पोटातली एकाएकी उठलेली कळ किंवा सर्पदंश असेल, तर सुयांत वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठावा.