पिल्लांची प्रतिकारशक्ती बाटलीत नव्हे, चिकात

घरची कुत्री गाभण असल्याचे कळताच अनेक जण औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली घेऊन येतात. पिल्ले सुदृढ निपजावीत हा हेतू चांगला. परंतु नेमके हेच पूरक गाभण काळात घातक ठरू शकते. हाडांतील कॅल्शियम रक्तात आणण्याचे काम गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी करतात. बाहेरून सतत पुरवठा होत राहिला की त्या मंदावतात. पुढे पिल्ले दूध ओढू लागली, की त्यांना वेळेवर जागे होता येत नाही आणि रक्तातील कॅल्शियम झपाट्याने घटते. धाप, अस्वस्थता, ताठरलेले पाय, थरथर आणि अखेर झटके असा हा क्रम. लहान चणीच्या आणि बरीच पिल्ले असलेल्या कुत्रीला व्याल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत हा धोका अधिक असतो. अशा वेळी पिल्ले दूर करून तिला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. शिरेतून कॅल्शियम देणे हे घरी करण्याचे काम नव्हे.

माशाच्या यकृताच्या तेलाचेही तसेच. त्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक झाल्यास पिल्लांची टाळू दुभंगलेली राहू शकते.

मग द्यायचे काय? गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा. पहिले पाच आठवडे नेहमीचा सकस आहार पुरतो. त्यानंतर तो हळूहळू सव्वा ते दीडपट करावा आणि वाढत्या पिल्लांसाठी मिळणारे दर्जेदार तयार खाद्य सुरू करावे. त्यात कॅल्शियम व फॉस्फरसचे प्रमाण आधीच साधलेले असते. दूध भरात असताना तिला दुप्पट-तिप्पट अन्न लागते. गोव्यातील अनेक घरांत कुत्र्याला पेज आणि उरलेले हुमण घातले जाते. गाभण कुत्रीची गरज त्यावर भागत नाही.

प्रतिकारशक्तीची गोष्ट मात्र निराळी आहे. मनुष्याच्या बाळाला आईची प्रतिपिंडे जन्माआधीच वारेतून मिळतात. कुत्रीच्या वारेतून ती जेमतेम पाच-दहा टक्केच उतरतात. उरलेली सारी पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून येतात. पिल्लाच्या आतड्याला ती शोषून घेता येतात ती फक्त पहिल्या दिवसभरात, आणि पहिल्या काही तासांत सर्वांत चांगली. त्यामुळे प्रत्येक पिल्लू लगेच आचळाला लागले का, हे पाहणे कोणत्याही टॉनिकपेक्षा मोलाचे. गारठलेले पिल्लू चोखत नाही आणि पहिल्या आठवड्यात त्याला कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. पावसाळ्यात ओल्या फरशीवर पोते टाकून भागत नाही. कोरडी, उबदार जागा हवी. थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, दूध नंतर.

खरवसासाठी मिळणारा गाईचा चीक येथे पर्याय नाही. त्यातील प्रतिपिंडे गाईच्या रोगांविरुद्धची असतात. पोरक्या पिल्लाला नुसते गाईचे दूधही पातळच पडते, कारण कुत्रीच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश त्याच्या दुपटीहून अधिक असतात. रोज वजन करणे हा सोपा उपाय. आठ-दहा दिवसांत ते जन्मवेळच्या दुप्पट व्हायला हवे.

चिकातून मिळते ते आईकडे असेल तेवढेच. म्हणून पार्व्हो, डिस्टेम्पर यांच्या लसी कुत्रीला गाभण राहण्यापूर्वी द्याव्यात. जिवंत विषाणूंच्या लसी गाभण काळात टाळतात. जंतांचे मात्र गाभण काळातच पाहावे लागते, कारण गोलकृमींच्या अळ्या गर्भातच पिल्लांत शिरतात. औषध व मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. पिल्लांना जंताचे औषध दोन आठवड्यांपासून सुरू होते.

आईकडून मिळालेले हे कवच सहा ते सोळा आठवड्यांदरम्यान विरत जाते. विरता विरता ते लसीलाही अडवते. रोगाला रोखण्याइतके उरलेले नाही, पण लस निष्प्रभ करण्याइतके आहे, असे काही दिवस प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला येतात. ते नेमके कधी, हे बाहेरून कळत नाही. सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर दोन-चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यावी लागते ती याचसाठी. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, तेव्हा मालिका पूर्ण होईपर्यंत पिल्लाला भटक्या कुत्र्यांच्या वावराच्या जागी सोडू नये.