शेवटच्या दोन अक्षरांचं विकर

पेशीत आरएनएला म्हातारपण नसतं. काम संपलं की त्याचा फडशा पडतो. जिवाणूंमध्ये आरएनेझ-२सारखी विकरं (एन्झाइम) त्याला एका टोकाकडून अक्षर-अक्षर, म्हणजे एकेक न्यूक्लिओटाइड, कुरतडत नेतात. पण शेवटी दोन-चार अक्षरं उरली की विकरांना धरायला दोरच राहत नाही, आणि ती थबकतात.

हा उरलेला चुरा कोण निस्तरतं? १९६७ साली ऑड्रे स्टीव्हन्स आणि नियोगी यांना ई. कोलायच्या अर्कात आखूड तुकडेच फोडणारं एक विकर दिसलं. १९७५ मध्ये नियोगी आणि दत्ता यांनी त्याचे गुणधर्म मांडले. नाव पडलं ऑलिगोरायबोन्यूक्लिएझ; ‘ऑलिगो’ म्हणजे मोजकी. पुढे बराच काळ त्याच्याकडे फारसं कोणी वळून पाहिलं नाही. केर काढणाऱ्याची चौकशी कोण करतं?

मरी डॉइचर यांच्या गटाने केली. १९९८ मध्ये त्या विकराचं जनुक हाती आलं, आणि १९९९ मध्ये घोष व डॉइचर यांनी ते विकर पेशीतून घटवून पाहिलं. दोन ते पाच अक्षरांचे तुकडे साचत गेले आणि ई. कोलायची वाढच थांबली. टोकाकडून कुरतडणारी इतर आरएनेझ एकेक काढली तरी जिवाणू तगतो. या झाडूवाल्यावाचून मात्र नाही!

बॅसिलस सबटिलिस या जिवाणूमध्ये हे जनुक नाहीच. तिथे तेच काम वेगळ्याच घराण्यातलं एनआरएनए हे विकर करतं, असं २००७ मध्ये कळलं.

साचलेला चुरा निरुपद्रवी नसतो. २०११ मध्ये दिसलं, की असे तुकडे नव्या आरएनएच्या सुरुवातीलाच जाऊन बसतात. २०१५ मध्ये स्यूडोमोनास या जिवाणूमध्ये दोन गटांनी आणखी एक धागा सोडवला. पोहायचं सोडून एके जागी ठाण मांडायला लावणारा जिवाणूंचा निरोप्या रेणू मोडला की दोन ग्वानिनांची जोडी उरते. ती हेच विकर फोडतं. न फोडल्यास ती साचून निरोप्याचं मोडणंच रोखते, आणि जिवाणू ठाण मांडूनच बसतात.

२०१९ मध्ये खरी गंमत झाली. स्फटिकरचना पाहता विकराची खाच बरोबर दोन अक्षरांच्या मापाची निघाली. तीन अक्षरं आली की कामाचा वेग एकदम पडतो. म्हणजे ‘मोजकी’ नव्हे, दोनच! माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातला त्याचा भाऊबंद, रेक्सो-२, तोही दोन अक्षरांच्या तुकड्यांवरच मुख्यतः काम करतो, हेही त्याच वर्षी पुढे आलं.

विकराचं नाव मात्र अजून ऑलिगोरायबोन्यूक्लिएझच आहे.