पाइनकोनचा डिसेंबर

पहाटे 5
शारजात धुकं उतरलंय, म्हणून आज भावाआधी हवा बघायची. गोदामाचं शटर वर केलं की राळेचा वास अंगावर येतो. रात्रीची दमट हवा आत शिरली, की उघडलेले कोन पुन्हा मिटतात. खवल्याची बाहेरची बाजू ओल पिऊन आतल्या बाजूपेक्षा जास्त फुगते, त्यामुळे खवला आत वळतो. सुकला की परत बाहेर येतो. कोन झाडावरून कधीचा पडलेला असतो, बी उडून गेलेलं असतं, तरी हे उघडणं-मिटणं थांबत नाही. गिऱ्हाइकाला मात्र तो फुललेलाच हवा.

6:30
निवड सुरू. माल उत्तराखंडच्या जंगलातला. चीडचे, म्हणजे तिकडच्या पाइनचे, कोन चार ते आठ इंचांचे, दणकट. देवदारचा कोन झाडावरच सुटा होतो, खवले गळून जातात. शेंड्याचा भाग तेवढा अखंड खाली येतो, लाकडी गुलाबासारखा. धंद्यात त्याला ‘सीडर रोझ’ म्हणतात. तो अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवायचा, नाहीतर पाकळ्या तुटतात.

मदतनीस गढवालचा आहे. ‘‘मुदीर (मालक), आमच्याकडे हे चुलीत घालतात,’’ म्हणून हसतो. मग वणव्याचं सांगतो. पेटलेला कोन उतारावरून गडगडत जातो आणि आग खालच्या रानात नेतो. पडलेले कोन उचलले तर तेवढं जळण जंगलातून कमी होतं, हे त्याचं म्हणणं.

8
भट्टी. शंभर अंशांच्या आसपास, अर्धा-पाऊण तास. खवले उघडतात, राळ वितळून कोनावर चकाकी धरते आणि आतले किडे मरतात. राळ पेट घेते, त्यामुळे भट्टीसमोरून कोणी हलायचं नाही. चहासुद्धा तिथेच येतो.

10
कागदपत्रं. जेबेल अली बंदराला पुढची खेप लागली आहे. भारताकडून वनखात्याचा वाहतूक परवाना आणि वनस्पती-क्वारंटाइनचा ‘फायटो’ दाखला, इकडे हवामान बदल आणि पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी. खोक्यात एक जिवंत भुंगा निघाला तर सगळी खेप अडकते. बिलावर 5 टक्के व्हॅट.

12:30
डबा खाऊन तार बांधणं. तळाच्या खवल्यांच्या ओळीत तार अडकवून पीळ द्यायचा, वर हिरवी पट्टी गुंडाळायची. तार लावलेला कोन फुलवाला सरळ गुच्छात खोचतो, म्हणून त्याला जास्त पैसे मोजतो. जंगलात कोनाला कोणी विचारत नाही. निवडणं, सुकवणं आणि ही तार, किंमत एवढ्याचीच.

2:30
गाडी दुबईकडे. वर्सानचा रोपबाजार, मग सतवातले फुलवाले. हॉटेलांना चमकी नको, नैसर्गिक रंग हवा. घरी रीथ (दारावरचं चक्र) करणाऱ्या फिलिपिनो बायकांना सोनेरी टोक हवं. मोठे कोन नगावर जातात, छोटे किलोवर. किलोचा माल भट्टीनंतरच तोलतो. धुक्याच्या सकाळी तोच माल ओलीने जड भरतो आणि गिऱ्हाइकाने घरी नेऊन सुकवला, की वजन घटतं आणि पुढच्या वर्षी ते गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं.

5:30
दुकानात गर्दी. म्हापशाच्या एक आंटी येतात. ‘‘ल्हान दाखय मरे, गोठ्याक जाय.’’ चीडचा कोन त्यांच्या नाताळच्या गोठ्यात मावत नाही. येशूपेक्षा कोनच मोठा दिसेल. मी सुरूची बोंडं पुढे करतो. सुरू पाइनच्या कुळातला नाही, पण बोंड दिसायला छोटा कोनच. मालवणच्या किनाऱ्यावर आम्ही ती एकमेकांना फेकून मारत असू. आंटी मूठभर घेतात, दर ऐकून ‘‘गोंयांत फुकट मेळटा’’ म्हणतात, पण पैसे देतात.

9
शटर खाली ओढायच्या आधी शिल्लक मोजायची. 25 तारखेनंतर मागणी खल्लास. पण उत्तराखंडात चीडचे कोन एप्रिल-मेमध्ये उघडतात. ऑर्डर त्याआधी द्यावी लागते. काय उरलं, यावरूनच पुढची खरेदी ठरते. मधल्या आकाराची पोती तशीच पडली आहेत. डेहराडूनच्या व्यापाऱ्याला निरोप टाकतो: पुढच्या वेळी मधले निम्मे, सीडर रोझ दुप्पट, आणि पोत्यात पायाने दाबून भरू नका.