विश्लेषण : शूबर्टचा ‘फिएराब्रास’ अडगळीत का गेला?

फ्रान्झ शूबर्टने १८२३मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, व्हिएन्नातील केर्न्टनरटोर नाट्यगृहासाठी ‘फिएराब्रास’ हा ऑपेरा रचला. त्याच हंगामात वेबरचा ‘ऑयरियांथे’ पडला. संहिताकार योझेफ कुपेलवीझरने नाट्यगृहाची नोकरी सोडली आणि प्रयोग बारगळला. शूबर्टला मानधनही मिळाले नाही. १८२८मध्ये तो गेला. ऑपेरा रंगमंचावर आला तो १८९७मध्ये, कार्ल्सरुहेत, तोही फेरफार करून.

संहिता कमकुवत आहेच. ज्याच्या नावाचा ऑपेरा, तो मूर राजपुत्र पहिल्या अंकाअखेरीस कैदेत पडतो आणि दुसऱ्या अंकात दिसतच नाही! पण मनोऱ्यातून प्रियकराची लढाई पाहत बोलणारी फ्लोरिंडा आणि तिच्या शब्दांमागे धडधडणारा वाद्यवृंद ऐकताना कथानकाची फारशी आठवण राहत नाही. १९८८मध्ये क्लाउडिओ अबाडो यांनी व्हिएन्नात तो पुन्हा उभा केला. त्याचे ध्वनिमुद्रणही निघाले.