घशाचा कर्करोग : लेसर की रोबो?

शब्द हेच व्यापाऱ्याचे भांडवल, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु तो शब्द ज्या स्वरयंत्रातून निघतो त्याची विचारपूस क्वचितच करतो. घशाच्या कर्करोगाचे निदान झाले की कुटुंबापुढे दोन प्रश्न उभे राहतात : आवाज राहील काय, आणि घास गिळता येईल काय? अलीकडे त्यात तिसऱ्याची भर पडली आहे : शस्त्रक्रिया लेसरने करावी की रोबोने? आम्ही वैद्य नव्हेत, धान्याचे व्यापारी आहोत. तथापि या विषयाची जी माहिती आम्ही करून घेतली, ती सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

१८७३ साली व्हिएन्ना येथे बिलरोथ यांनी कर्करोगासाठी रुग्णाचे संपूर्ण स्वरयंत्र काढले. त्यानंतर दीर्घकाळ मान बाहेरून कापणे हाच शस्त्रक्रियेचा मुख्य मार्ग होता. लेसर व रोबो या दोहोंचा विशेष हा की, शल्यविशारद तोंडावाटेच रोगापर्यंत पोहोचतो.

या कामी वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध केला. त्यांचा जन्म बारामतीचा व अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. १९७२ मध्ये बोस्टनच्या स्ट्राँग व जाको यांनी स्वरयंत्रावरील त्याच्या वापराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. घशात धातूची नळी बसवून, सूक्ष्मदर्शकातून पाहत हा किरण चालवितात. पेशींतील पाणी तो शोषून घेत असल्यामुळे छेद अत्यंत बारीक होतो. स्वरतंतूंवरील लहान गाठीस तो विशेष सोयीचा. मात्र किरण सरळ रेषेत जातो. नळीतून जे दिसत नाही, तेथे त्याचा इलाज चालत नाही.

रोबोची तोंडावाटे शस्त्रक्रिया अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विकसित झाली आणि २००९ च्या अखेरीस तेथील सरकारी परवानगी मिळाली. नावावरून भ्रम होतो. पण यंत्र स्वतः काही कापीत नाही. शल्यविशारद जवळच बसून त्याचे हात चालवितो. तिरपे पाहणारा कॅमेरा व मनगटाप्रमाणे वळणारी हत्यारे यांमुळे टॉन्सिल व जिभेचे मूळ या आडबाजूच्या जागी गाठ एकसंध काढता येते. उलटपक्षी, आजवरच्या बहुतेक यंत्रांत हाताला स्पर्श कळत नाही, खर्च पुष्कळ येतो, आणि स्वरतंतूंच्या चिंचोळ्या जागेत ही हत्यारे अवघडतात. शस्त्रक्रियेनंतर रक्तस्रावाची भीती दोहोंतही असते.

सारांश, निवड यंत्राच्या नवेपणावर नव्हे, तर रोगाच्या जागेवर व शल्यविशारदाच्या अनुभवावर ठरते. शिवाय किरणोपचाराचाही पर्याय आहेच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यत्वे कॅनडातील ६८ रुग्णांच्या चाचणीत, टॉन्सिल व जिभेच्या मुळाच्या भागातील कर्करोगात वर्षानंतर गिळण्याची स्थिती रोबोच्या शस्त्रक्रियेपेक्षा किरणोपचारानंतर किंचित सरस आढळली.

म्हणून होकार देण्यापूर्वी विचारावे : गाठ पूर्ण हाती लागेल काय? अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या? नंतर किरणोपचार लागतील काय? एकूण खर्च किती? नमुना पाहिल्याविना आपण पोते घेत नाही. येथे तर प्राणाचा सौदा आहे.

आणखी एक गोष्ट. दोन्ही पद्धतींचा खरा लाभ रोग लहान असतानाच मिळतो. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसला, गिळताना सतत दुखू लागले किंवा मानेत गाठ लागली, तर गोदामातील धुळीला दोष देत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. तंबाखू तर आजच सोडावी. वेळेवर केलेली तपासणी हीच यातील सर्वांत स्वस्त खरेदी होय.